साखऱ्याच्या बांधावरून कॅनडा

प्रस्तावना

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचा आणि कॅनडाचा पहिला संबंध पिवळ्या वाटाण्याचा आहे. साहित्य फार नंतर आलं. आमच्याकडे सोयाबीनच्या तासांमध्ये तूर असते. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे घरात येतं आणि कृषी केंद्राच्या उधारीत जातं. तूर संक्रांतीच्या सुमाराला निघते आणि वर्षाची उरलेली सगळी आशा तिच्यावर असते. हिंगोलीच्या मोंढ्यात तिचा जो भाव पुकारला जातो, त्यातला काही भाग दिल्लीत ठरतो आणि काही भाग सस्कॅचेवान नावाच्या प्रांतात. तिथला पिवळा वाटाणा आणि मसूर आपल्या बंदरांवर उतरायला लागली की इथली डाळ नरमते. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारनं पिवळ्या वाटाण्यावर ५० टक्के आयात शुल्क बसवलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो वाटाणा शुल्कमुक्त केला. कॅनडाच्या साहित्याचा पेपर शिकवायला मी वर्गात उभा राहिलो, तेव्हा मागच्या बाकावरून पहिला प्रश्न आला तो असा : ‘सर, तो वाटाणावाला देश ना?’

मुलांचा दुसरा कॅनडा पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्याचा. नांदेडला, संभाजीनगरला भिंतींवर आयईएलटीएसच्या जाहिराती दिसतात आणि कुणाच्या तरी मावसभावाचा ब्रॅम्प्टनहून व्हिडिओ कॉल येतो. सप्टेंबर २०२३ नंतर दोन्ही देशांचे संबंध बिघडले, जानेवारी २०२४ मध्ये कॅनडानं विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली, आणि या दुसऱ्या कॅनडाचा रंग थोडा उडाला. हे पुस्तक तिसऱ्या कॅनडाबद्दल आहे. तो पुस्तकांतून आमच्या वर्गात आला आणि इथल्या मुलांना त्यानं लिहितं केलं.

पुढच्या पानांवर आहेत ते इंग्रजी विषय घेतलेल्या, सेनगाव, गोरेगाव, साखरा, नर्सी या पट्ट्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे लेख. परीक्षा इंग्रजीत होते. लेख मराठीत आहेत, काहींत बंजारा समाजाच्या गोरमाटी बोलीतली वाक्यंही आहेत. सुरुवातीला हे लेखन भित्तिपत्रकावर लागायचं, मग वह्यांतून हातोहात फिरायला लागलं. अट एकच होती : कॅनडातल्या एखाद्या लेखकाचं काही वाचायचं, आणि त्यावर लिहिताना स्वतःच्या गावातली अशी एक तरी गोष्ट सांगायची जी बाजारातल्या गाईडात सापडणार नाही. या अटीनं निम्मा वर्ग पहिल्याच महिन्यात गारद झाला. उरलेल्यांनी लिहिलं.

कॅनडाचा अभ्यास हा विषय आपल्याकडे आला कसा, हे थोडक्यात सांगायला हवं, कारण त्यामागे पैसा आणि परराष्ट्र धोरण दोन्ही आहे. लालबहादूर शास्त्रींच्या नावाची शास्त्री इंडो-कॅनेडियन इन्स्टिट्यूट १९६८ मध्ये दोन्ही सरकारांच्या सहमतीनं स्थापन झाली. पुढे १९८५ मध्ये कॅनडाच्या अभ्यासकांची भारतीय संघटना उभी राहिली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात केंद्र निघालं. मुंबई विद्यापीठात कूमी वेवैनांनी मार्गारेट अ‍ॅटवुड आणि मार्गारेट लॉरेन्स यांच्या कादंबऱ्यांवर काम केलं. प्राध्यापकांना शिष्यवृत्त्या मिळाल्या, ग्रंथालयांना पुस्तकं मिळाली, परिसंवाद झाले. जगभरच्या विद्यापीठांत आपल्या देशाचा अभ्यास व्हावा म्हणून कॅनडा सरकार अनुदान देत असे, ते २०१२ मध्ये त्यांनी बंद केलं. त्यानंतर अनेक ठिकाणी हा विषय अभ्यासक्रमाच्या एका ओळीपुरता उरला.

मला यात फार दुःख वाटत नाही. अनुदानावर वाढलेल्या विषयात अनुदान देणाऱ्याबद्दल वाईट बोलायची पद्धत नसते. बहुसांस्कृतिकता, बर्फ, मेपलचं पान आणि सौजन्य असा एक गुळगुळीत कॅनडा त्या काळातल्या कित्येक शोधनिबंधांत दिसतो. पैसा आटल्यावर ज्यांनी हा विषय सोडला नाही, त्यांना तो खरोखर कशासाठी हवा होता, हे नीट सांगता यायला लागलं.

उलट दिशेनंही रस्ता होता, आणि तो आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. टोरोंटो विद्यापीठात न. के. वागळे महाराष्ट्राचा इतिहास शिकवत होते, आणि महाराष्ट्राच्या समाजावर आणि धर्मावर तिथून ग्रंथ निघाले. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात जयंत लेले होते. महाराष्ट्रातल्या मराठा अभिजनांच्या राजकारणावरचं त्यांचं पुस्तक १९८१ मध्ये प्रसिद्ध झालं. गावातली सत्ता कशी टिकते हे समजून घ्यायला ते आजही लागतं. म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीचा अभ्यास ऑन्टॅरिओत बसून होऊ शकतो. मग ऑन्टॅरिओचा अभ्यास साखऱ्यात बसून का होऊ नये, असं मी सहकाऱ्यांना विचारायचो. ते हसायचे. काही अजून हसतात.

मराठवाड्याला हा प्रकार खरं तर नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला १९५० मध्ये काढलेल्या महाविद्यालयात, पुढच्या मिलिंदमध्ये, म. ना. वानखेडे होते. ते अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या काळ्या लेखकांच्या साहित्याची चर्चा नागसेनवनात सुरू झाली. गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ त्याच परिसरातून निघालं. दूरच्या देशातलं पुस्तक वाचून मराठवाड्यातला मुलगा स्वतःच्या वस्तीबद्दल लिहायला लागतो, हे तिथे सिद्ध झालेलं आहे. आम्ही फक्त अमेरिकेच्या वरचा देश घेतला.

आता पुस्तकांकडे येतो. सिंक्लेअर रॉस या लेखकाची ‘द लॅम्प अ‍ॅट नून’ ही १९३८ मधली कथा. सस्कॅचेवानचं माळरान, सलग दुष्काळाची वर्षं, दिवसाढवळ्या दिवा लावावा लागेल इतकी धूळ, आणि एका खोलीत कोंडलेलं नवराबायको व तान्हं मूल. बायको म्हणते इथून निघू. नवरा म्हणतो, पुढच्या वर्षी पीक येईल. नांगरून नांगरून आणि एकच पीक घेऊन तू माती सैल केलीस, असंही ती त्याला सुनावते. कथेचा शेवट मी इथे सांगत नाही. आमच्या वर्गात ही कथा वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही, मग एका मुलीनं विचारलं की हा लेखक आमच्याकडे कधी येऊन गेला होता का. तिचा लेख या संग्रहात पहिला ठेवला आहे. त्यात दरवर्षी सोयाबीनवर सोयाबीन घेणाऱ्या तिच्या वडिलांशी तिच्या आईनं घातलेला वाद आहे. त्या वादात आई हरली, असं ती लिहिते. मी इतकंच म्हणेन की मराठवाड्यातल्या दुष्काळावर आपल्याकडे खूप लिहिलं गेलं, पण घराच्या आत, पीक कोणतं घ्यायचं यावरून होणारं भांडण त्यात क्वचित आलं. ते तिनं आणलं, आणि त्यासाठी तिला १९३८ मधल्या एका परक्या बाईचा आवाज ऐकू यावा लागला.

दुष्काळाचा विषय निघाला की मार्गारेट अ‍ॅटवुडचं ‘सर्व्हायव्हल’ येतं. ते १९७२ मध्ये प्रसिद्ध झालं. महाराष्ट्रात बहात्तर म्हटलं की दुसरं काही आठवायचं कारण नाही : खडी फोडायची कामं, सुकडी, अमेरिकेतून आलेली लाल मिलो. त्या कामांच्या अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. अ‍ॅटवुड म्हणते की कॅनडाच्या साहित्याच्या मुळाशी तगून राहणं आहे, आणि मग ती बळी पडलेल्या माणसाच्या चार भूमिका मांडते. पहिला म्हणतो, मी बळी नाहीच. दुसरा म्हणतो, आहे, पण ते नशीब किंवा निसर्ग, त्याला इलाज नाही. तिसरा म्हणतो, आहे, पण हे अटळ होतं हे मला मान्य नाही. चौथा त्या चक्रातून बाहेर पडून काही निर्माण करतो. या चार भूमिकांवर आमच्याकडे मोठी वादावादी झाली. आपले आजोबा दुसऱ्या भूमिकेत होते असं बहुतेकांनी लिहिलं. एकानं मात्र हिशोब मांडला : खडी फोडायला गेलेल्या त्याच्या आजीला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातात मजुरी मिळाली, आणि ती त्या दिवसांबद्दल तक्रारीच्या सुरात कधीच बोलली नाही. अ‍ॅटवुडच्या चौकटीत ही आजी नेमकी कुठे बसते, हे मलाही सांगता आलेलं नाही. लेख मी जसाच्या तसा घेतला आहे.

मारिया कॅम्पबेलचं ‘हाफब्रीड’ हे आत्मकथन १९७३ चं. मेती समाजातली ही लेखिका सस्कॅचेवानची. युरोपीय आणि मूळनिवासी अशा दोन्ही वंशांतून घडलेला हा समाज. १८८५ च्या उठावात त्यांचा पराभव झाला, जमिनी गेल्या, आणि कित्येक कुटुंबं सरकारनं रस्त्यासाठी सोडलेल्या पट्ट्यांवर झोपड्या घालून राहिली. रस्त्याकडेचे लोक हीच त्यांची ओळख झाली. गायरान म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच प्रश्नावर. मराठवाड्यातल्या गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुटुंबं आहेत, ज्यांच्या नावावर सातबारा नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर अतिक्रमणाच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा आमच्या वर्गातल्या एका घरीही नोटीस आली. त्या मुलाचा लेख छोटा आहे. त्यात कॅम्पबेलचं नाव एकदाच येतं, आणि ते बरं आहे.

‘हाफब्रीड’चा आणखी एक इतिहास आहे. मूळ हस्तलिखितातली काही पानं प्रकाशकानं छापण्याआधी गाळली होती. पोलिसांनी लेखिकेवर केलेल्या अत्याचाराचा प्रसंग त्या पानांवर होता. २०१८ मध्ये ती पानं अभ्यासकांच्या हाती लागली आणि २०१९ च्या आवृत्तीत परत आली. म्हणजे सेहेचाळीस वर्षं लोक अपुरं पुस्तक पुरं समजून वाचत होते. आपल्याकडे ‘बलुतं’ आलं १९७८ मध्ये, ‘उपरा’ १९८० मध्ये, ‘अक्करमाशी’ १९८४ मध्ये, ‘उचल्या’ १९८७ मध्ये. आपल्या आत्मकथनांच्या हस्तलिखितांचं कुणी काही केलं आहे का, कुठे काय गळलं, हे शोधायला मराठवाड्यातल्या एखाद्या संशोधकानं का बसू नये? पीएचडीसाठी विषय शोधत फिरणाऱ्यांना मी हा फुकट देतो.

आणि इथेच थोडं थांबून एक तक्रार नोंदवतो. ‘दलित साहित्य आणि कॅनडाचं मूळनिवासी साहित्य : तुलनात्मक अभ्यास’ या साच्याचे निबंध आपल्या विद्यापीठांत शेकड्यांनी झाले असावेत. दोन्हीकडे शोषण आहे, दोन्हीकडे वेदना आहे, म्हणून दोन्ही सारखे, असा त्यांचा निष्कर्ष पहिल्या पानावरच कळतो. फरक कुणी सांगत नाही. कॅनडात मूळनिवासी लोकसंख्येच्या सुमारे पाच टक्के आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जाती आणि जमाती मिळून एक पंचमांशाहून अधिक. तिथे १८७१ ते १९२१ या काळात ब्रिटिश राजसत्तेनं क्रमांकांचे अकरा करार केले आणि जमीन घेतली. म्हणजे कागदावर का होईना, समोरचा पक्ष एक राष्ट्र होता. जातीनं कुणाशी करार केला नाही. योगायोगाची गोष्ट अशी की पहिला करार झाला त्याच १८७१ मध्ये इकडे गुन्हेगार जमाती कायदा आला. त्या कायद्याखालच्या जमाती मुक्त झाल्या १९५२ मध्ये. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारांच्या कुंपणाची गोष्ट आणि कॅनडाच्या राखीव वस्त्यांची गोष्ट शेजारी ठेवायची असेल तर अशा तपशिलांनिशी ठेवावी. नुसत्या हळहळीवर तुलना उभी राहत नाही.

निवासी शाळांचा भाग शिकवणं सगळ्यात अवघड गेलं. कॅनडात सरकारच्या पैशानं आणि चर्चच्या हातून चाललेल्या या शाळांत सुमारे दीड लाख मुलं घरापासून तोडून ठेवली गेली, त्यांच्या भाषा बोलायला बंदी होती. शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली. २००८ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, आणि सत्य व सलोखा आयोगानं २०१५ मध्ये चौऱ्याण्णव मागण्या पुढे ठेवल्या; जे झालं त्याला आयोगानं सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं. आमच्या वर्गात आश्रमशाळेत शिकलेली मुलं होती, तांड्यावरची होती, आंध समाजातली होती. आश्रमशाळा आणि या शाळा एकच, असं कुणी म्हणू नये. आमच्याकडे आश्रमशाळा नसती तर यातली काही मुलं माझ्यासमोर बसलीच नसती, आणि तसं त्यांनी स्वतःच लिहिलं आहे. पण त्यांनी आणखी काही लिहिलं. गोरमाटीत बोललं की हात पुढे करायला लावणारे गुरुजी, निबंधात ‘याडी’, म्हणजे आई, लिहिल्यावर खाली आलेली लाल रेघ. एका मुलीच्या लेखाचा शेवटचा परिच्छेद पूर्ण गोरमाटीत आहे. त्याचं मराठी खाली द्यावं असा सल्ला मला मिळाला होता. मी दिलेलं नाही.

भाषेचा विषय क्वेबेकनंही काढला. १९७७ चा तिथला एकशेएक क्रमांकाचा कायदा, फ्रेंच पाट्यांची सक्ती, फ्रेंच शाळांची सक्ती : मराठी पाट्यांचे वाद टीव्हीवर बघणाऱ्या मुलांना यात लगेच रस वाटला. मला मात्र त्यांना त्यांच्या पणजोबांकडे न्यायचं होतं. हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती, शाळा उर्दू माध्यमाची, आणि उस्मानिया विद्यापीठही उर्दू. मराठवाडा साहित्य परिषद १९४३ मध्ये स्थापन झाली ती याच दडपणाखाली. दोघातिघांनी घरी जाऊन विचारलं, तेव्हा जुन्या पेटाऱ्यांतून उर्दूतले खासऱ्याचे आणि सनदीचे कागद निघाले, जे आता घरात कुणालाच वाचता येत नाहीत. त्यातल्या एकानं लिहिलं की पणजोबांवर उर्दू लादली गेली हे खरं, पण ती त्यांना आवडायची हेही खरं. क्वेबेकवरच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात हे वाक्य शोभलं असतं.

रोहिंटन मिस्त्री यांच्याबद्दल थोडंच लिहितो, कारण त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मुंबईत जन्म, १९७५ मध्ये कॅनडाला प्रयाण, आणि तिथे बसून मुंबईवर कादंबऱ्या. ‘सच अ लाँग जर्नी’ला १९९१ मध्ये तिथला गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. तीच कादंबरी २०१० मध्ये एका राजकीय पक्षाच्या विद्यार्थी संघटनेनं आक्षेप घेऊन तिच्या प्रती जाळल्यावर मुंबई विद्यापीठानं अभ्यासक्रमातून काढली. आम्ही ती वर्गाबाहेर वाचली. ज्यांनी जाळली त्यांच्यापेक्षा आमच्या मुलांनी तिच्यावर जास्त कडक टीका केली आहे. पाहा, संग्रहातला सातवा लेख. पुस्तकाला विरोध कसा करावा याचा तो चांगला नमुना आहे, कारण लेखकानं आधी पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय.

ट्रॉम्बेच्या सायरस अणुभट्टीवरही एक लेख आहे. कॅनडाच्या मदतीनं उभी राहून १९६० मध्ये सुरू झालेली ही भट्टी, तिच्यातलं प्लुटोनियम १९७४ मध्ये पोखरणला, आणि मग कॅनडानं आवरतं घेतलेलं सहकार्य. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यानं हा लिहिला असल्यानं त्यात साहित्याचा मागमूस नाही. अटीत बसत नसला तरी ठेवला आहे.

या लेखांत शुद्धलेखन मी सुधारलं, वाक्यं बदलली नाहीत. ‘कॅनडा हा निसर्गरम्य देश आहे’ अशी सुरुवात असलेले सगळे लेख परत केले. काही लेखांचे निष्कर्ष मला पटत नाहीत, दोन लेखांचे तर मुळीच नाहीत. लेखकांची नावं त्यांच्याच इच्छेनं गाळून खाली फक्त गावाचं नाव टाकलं आहे. गायरान, आश्रमशाळा, घरातली भांडणं यांवर लिहिलं की गावात राहायचं असतं, हे शहरातल्या वाचकानं ध्यानात घ्यावं.

आमचं म्हणणं साधं आहे. परदेशी साहित्याच्या पेपरात विद्यार्थ्यानं स्वतःचं एक पानही लिहिलं नसेल, तर तो पेपर शिकवून झाला असं समजू नये. यासाठी अनुदान लागत नाही, केंद्र लागत नाही. वह्या लागतात, आणि त्या वाचायला शिक्षकाची संध्याकाळ लागते. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या, कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी ऑस्ट्रेलिया, आफ्रिका किंवा कॅरिबियन बेटांचं साहित्य शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून असं लेखन करून घ्यावं आणि ते छापावं, छापणं जमत नसेल तर भिंतीवर लावावं. आणि वाचकांना विनंती की तुरीच्या बांधावरचा दुसरा लेख आधी वाचा. बाकीचे कुठल्याही क्रमानं वाचले तरी चालतील.